मेजर जॉन वेस्ली पॉवेल

अज्ञात नद्यांचा शोध लावणाऱ्या साहसी प्रवाशांचीं चरित्रें आपल्या वाचनांत वारंवार येतात. परंतु नदी पाहून झाल्यावर तिच्या पाण्याची व्यवस्था कोणीं व कशी करावी, हा प्रश्न घेऊन जन्मभर लोकांपुढें उभा राहिलेला पुरुष विरळाच. अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीच्या इतिहासांत असा एक पुरुष होऊन गेला. त्याची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

जॉन वेस्ली पॉवेल यांचा जन्म न्यूयॉर्क संस्थानांत माउंट मॉरिस या गांवीं २४ मार्च १८३४ रोजीं झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक असून गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. त्यामुळें ओहायो संस्थानांत असतां शाळेंतील मुलें लहानग्या जॉनला दगड मारीत. अखेर शाळा सोडवून त्यास शेजारच्या एका विद्वान गृहस्थांच्या हवालीं करावें लागलें. त्यांच्यासंगतीं रानावनांत हिंडतांना जडलेली निसर्गशास्त्राची गोडी पुढें कधींच सुटली नाहीं. यादवी युद्धांत ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यांत शिरले. १८६२ च्या एप्रिलांत शायलोच्या रणांगणावर गोळी लागल्यामुळें त्यांचा उजवा हात कोपराखालीं कापावा लागला. तरी जखम भरतांच ते पुनः लढाईवर रुजू झाले.

युद्धानंतर ते भूगर्भशास्त्राचे अध्यापक झाले. त्या काळीं कोलोरॅडोच्या प्रचंड दऱ्यांच्या ठिकाणीं नकाशावर कोरी जागा होती. ती भरून काढण्यासाठीं २४ मे १८६९ रोजीं नऊ सोबती व चार होड्या घेऊन ते ग्रीन नदींतून निघाले. थोड्याच दिवसांत एक होडी खडकांवर आपटून फुटली व पुष्कळ शिधासामग्री वाहून गेली. एका हातानें कडे चढून ते उंचीचीं मापें घेत. एकदां ते उभ्या कड्यावर अडकले असतां, जवळ दोर नसल्यामुळें सोबत्यानें आपली आंतली विजार वरून खालीं सोडून त्यांस ओढून घेतलें! एक सोबती आधींच परतला होता. अखेरीस आणखी तिघे भयंकर प्रवाहापुढें हात टेकून दरी चढून गेले व मारले गेले. दोनच दिवसांनीं, ३० ऑगस्ट रोजीं, उरलेले सहा जण सुखरूप बाहेर पडले.

या पराक्रमानें त्यांची कीर्ति देशभर पसरली. पण त्यांचें खरें कार्य पुढेंच होतें. त्या कोरड्या प्रदेशांत वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडे. सरकार मात्र कायद्याप्रमाणें सरसकट १६० एकर जमीन प्रत्येक कुटुंबास देत होतें. पाण्यावांचून ती जमीन काय कामाची? ज्याच्या हातीं पाणी, त्याच्याच हातीं अखेर सर्व जमीन जाणार, हें पॉवेल यांनीं ओळखलें. यूटा प्रांतांतील वसाहतवाले एकत्र येऊन कालवे खणतात व पाणी वांटून घेतात, हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. १८७८ सालीं सरकारास सादर केलेल्या अहवालांत त्यांनीं पाण्यावरील हक्क जमिनीशीं निगडित ठेवावा व शेतकऱ्यांनीं आपापले संघ करून त्याची व्यवस्था पाहावी, अशी सूचना केली.

१८८१ पासून ते सरकारी भूगर्भ-पाहणी खात्याचे प्रमुख होते. तरी कचेरींत बसून राहणें त्यांस मानवलें नाहीं. १८८९ सालीं माँटानाची राज्यघटना तयार होत असतां त्यांनीं तेथील प्रतिनिधींपुढें जाऊन, जिल्ह्यांच्या सीमा नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणें आंखाव्या असें कळकळीनें सांगितलें. डोंगरावरील रान व खालचें शेत एकाच खोऱ्यांतील लोकांच्या स्वाधीन असेल, तर ते दोहोंची काळजी घेतील, असें त्यांचें म्हणणें. प्रतिनिधींनीं तें आदरानें ऐकून घेतलें व बाजूस ठेवलें. पुढल्याच वर्षीं काँग्रेसनें त्यांच्या पाणी-पाहणीचा पैसा बंद केला. १८९३ सालीं लॉस एंजेलिस येथील पाटबंधारे-परिषदेंत, सर्व जमीन भिजविण्याइतकें पाणी नद्यांत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगतांच सभेनें त्यांची हुर्यो केली. टाळ्यांसाठीं आंकडे फुगविणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. १८९४ सालीं त्यांनीं अधिकारपद सोडलें व २३ सप्टेंबर १९०२ रोजीं ते निवर्तले.

काळानें त्यांची बाजू खरी ठरविली. १९२२ सालीं सात संस्थानांनीं कोलोरॅडोचें पाणी करारानें वांटून घेतलें. पण आधार धरला तो भरपूर पावसाच्या वर्षांचा, आणि नदीकांठच्या मूळ रहिवाशांस कोणीं विचारलेंहि नाहीं. शंभर वर्षांनीं, २०२२ सालीं, त्या नदीवरील मीड जलाशय १९३० नंतरच्या दशकांत भरल्यापासून कधीं नव्हता इतका खालावला. वरच्या बाजूच्या दुसऱ्या मोठ्या जलाशयास पॉवेल यांचेंच नांव आहे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा!

विद्यार्थिमित्रांनो, दरींतील धाडसाबद्दल पॉवेल यांचें कौतुक करणें सोपें आहे. आम्हांस त्याहून मोठें वाटतें तें त्या सभेंतील धैर्य. पाणी किती आहे हें प्रामाणिकपणें मोजावें, मोजलेलें सर्वांस सांगावें, आणि ज्यांचे संसार त्यावर चालतात त्या सर्वांनीं एकत्र बसून तें वांटून घ्यावें, हा त्यांचा धडा. तो ज्यांनीं ऐकला नाहीं, त्यांच्या नातवंडांस आज तो महाग किंमत देऊन शिकावा लागत आहे.