केशवराव भोसले : आपली मंडळी आपणच उभारणारा नट

नटाला चांगली भूमिका मिळणे कठीण. पण आपल्या वळणाची मंडळी मिळणे त्याहून कठीण. बोरीवलीच्या एखाद्या हौशी संस्थेत संध्याकाळी तालमीला जाणारा तरुण असो वा शंभर वर्षांपूर्वीचा पगारी नट असो, पेच तोच. कुणाला गाणे हवे असते, कुणाला आवेश, कुणाला विषय. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्याइतक्या कोवळ्या वयात हा पेच सोडविणारा नट मराठी रंगभूमीवर विरळाच.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पित्याचे छत्र लहानपणीच हरपले आणि शाळेत जाण्याच्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक मंडळी म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच असे. एका पंक्तीत जेवण, एका मुक्कामी निजणे, आणि कोणती भूमिका करायची ते मालकाने ठरवायचे. या शिस्तीत केशवरावांचा गळा तयार झाला. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले.

परंतु नट कितीही लोकप्रिय झाला तरी नाटक निवडण्याचा अधिकार मालकाचाच. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मिसरूड फुटण्याच्या वयात बिऱ्हाडाचा संसार डोक्यावर घेणे हे धाडस खरेच. थोडा अविचारही म्हणावा लागेल.

आपली मंडळी हाती आल्यावर केशवरावांनी तिला कोणत्या वाटेने नेले, हे तिच्या नाटकांवरून कळते. हिराबाई पेडणेकर यांचे ‘दामिनी’ या मंडळीने रंगभूमीवर आणले. एका स्त्रीने लिहिलेले नाटक करणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मधील मृणालिनी केशवरावांनी गाजविली. पुढे मामा वरेरकरांचे हुंड्यावर कोरडे ओढणारे ‘हाच मुलाचा बाप’ आले. गाणे तर प्रेक्षकांना हवेच होते. पण गाण्याच्या जोडीला काही सांगणारी नाटके या मंडळीत नांदू शकली.

याच सुमारास, १९१३ साली, बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली होती. दोघांच्या कलेचे वळण अगदी भिन्न. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, मार्दवाचे; तर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभलेल्या केशवरावांचे गाणे चढ्या स्वराचे, तडफेचे, तानांच्या फेकीचे. दोघे एका मंडळीत असते तर एकाला दुसऱ्याच्या मापाने स्वतःला कापून घ्यावे लागले असते. प्रेक्षकांतही दोन तट पडले होते आणि आपल्या दैवतासाठी लोक हमरीतुमरीवर येत.

म्हणूनच ८ जुलै १९२१ ची मुंबईतील रात्र अपूर्व ठरली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. धनाचा तोरा मिरविणारी नायिका आणि शौर्याचा अभिमान बाळगणारा नायक यांची जुंपणारी ही कथा. त्यात प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक समोरासमोर उभे. मग चुरस वेगळी निर्माण करण्याची गरजच काय होती? स्पर्धा होती, पण कुणाला आपले वळण सोडावे लागले नाही. मऊ स्वराला मऊ राहता आले आणि तेज स्वराला तेज. एका रात्रीपुरती का होईना, दोघांना तोलामोलाचा सहनट लाभला.

या रात्रीनंतर तीन महिनेही लोटले नव्हते तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. वय अवघे एकतीस. मालकाचा गळा हेच ज्या मंडळीचे भांडवल, ती बहुधा मालकाबरोबरच विझते. ‘ललितकलादर्श’ विझली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा घेतली आणि १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी तिचा संसार दीर्घकाळ चालविला.

शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या कोल्हापुरातील पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचेच नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.