क्ष-किरणांचे जनक : राँटजेन

विल्हेल्म राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. पुढे हे कुटुंब हॉलंडमध्ये राहावयास गेले. तेथील शाळेत एका मुलाने शिक्षकांचे विनोदी चित्र काढले. राँटजेन यांनी त्याचे नाव सांगितले नाही, म्हणून त्यांनाच शाळेतून काढून टाकण्यात आले. मी स्वतः शिक्षक आहे, तरी ही शिक्षा मला फार कडक वाटते. विद्यापीठाची वाट अडली. पण शेवटी झुरिच येथे त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढे ते प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते वुर्ट्‌सबुर्ग येथील प्रयोगशाळेत काम करत होते. खोलीत अंधार होता. विजेची नळी काळ्या कागदाने झाकलेली होती, तरीही जवळचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला! गणितात अज्ञात संख्येला आपण ‘क्ष’ म्हणतो. म्हणून या अनोळखी किरणांना क्ष-किरण म्हणतात. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती.

आपल्या वाशीम जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो. पाणी कमी प्यायले की मुतखड्याचा धोका वाढतो. घरी आपण त्याला गुर्द्याची पथरी म्हणतो. पूर्वी पोट न कापता हा खडा दिसत नसे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिन्टायर यांनी क्ष-किरणांनी तो दाखवला.

राँटजेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. ते घेतले असते तर ते फार श्रीमंत झाले असते. १९०१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्यांनी विद्यापीठाला दिली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या किरणांचे काम मात्र वाढतच गेले. १९७१ मध्ये सी. टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. हे यंत्र शरीराची पातळ कापांसारखी चित्रे घेते. शिरेतून दिलेले औषध मूत्रपिंडात उतरले की आतील पोकळी उठून दिसते. संगणक ती चित्रे एकावर एक रचतो. मग मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून आपण चालत आहोत, असे डॉक्टरांना पडद्यावर दिसते. शरीरात दुर्बीण घालावी लागत नाही. खडा काढायचा किंवा आतला तुकडा तपासायला घ्यायचा असेल, तर मात्र खरी दुर्बीणच लागते.