श्रीमंत तुकोजीराव होळकर (दुसरे) व नर्मदेवरील पूल

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगास वर्धा व दुसऱ्या अंगास पैनगंगा वाहते. पावसाळ्यात नदीने वाट अडविली म्हणजे माणसांचा व गाड्यांचा कसा खोळंबा होतो, हे येथील मुलांस निराळे सांगावयास नको. म्हणून नर्मदेसारख्या महानदीवर पूल व्हावा यासाठी ज्यांनी आपले द्रव्य मोकळे केले, त्या महाराजांचे चरित्र आम्ही थोडक्यात देत आहो.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ साली झाला. इंदूरची गादी रिकामी झाली तेव्हा कृष्णाबाई मासाहेबांनी त्यांची निवड केली, व १८४४ साली वयाच्या नवव्या वर्षी ते गादीवर बसले. १८५२ साली राज्याचा पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आला.

पुढे पाचच वर्षांनी कसोटीचा प्रसंग ओढवला. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. कित्येक ख्रिस्ती लोक जीव वाचविण्यासाठी राजवाड्याच्या आश्रयास आले. बंडवाल्यांनी त्यांची मागणी केली. परंतु बावीस वर्षांच्या महाराजांनी शरणागतांस स्वाधीन करण्याचे साफ नाकारले. इतके करूनही तेथील इंग्रज अधिकारी ड्यूरंड यांनी महाराजांवरच संशय घेतला. हा अन्याय मनास लागण्याजोगा होता. तथापि महाराज हताश होऊन बसले नाहीत. राज्याची भरभराट करण्याकडे त्यांनी लक्ष घातले. त्यांच्याच कारकिर्दीत इंदुरास कापडाची गिरणी निघाली.

माळव्याचा माल मुंबईकडे जाण्यास विंध्याद्रीचा घाट व नर्मदा असे दोन मोठे अडथळे होते. १८७० च्या सुमारास महाराजांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी सरकारास १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची व व्याज दरसाल दरशेकडा साडेचार रुपये ठरले. महाराज हिशेबाचे पक्के होते. हे दान नव्हते, परंतु त्यात प्रजेचेही हित होते. घाटात दर ४० फुटांस १ फूट असा चढ चढावा लागला. मोरटक्क्याजवळ खेडीघाट येथे ८० फूट उंचीच्या खांबांवर, प्रत्येकी १९७ फुटांचे १४ गाळे असलेला पूल उभा राहिला. वरून आगगाडी व खालून बैलगाड्यांची सडक, अशी त्याची रचना होती. ५ ऑक्टोबर १८७६ रोजी महाराजांच्याच हस्ते तो खुला झाला व त्यास होळकर-नर्मदा पूल असे नाव मिळाले.

१८८६ साली महाराज निवर्तले. पुढे त्या मार्गावरील मीटरगेज गाड्याही बंद झाल्या व रुंद रुळांचे काम हाती घेण्यात आले. परंतु पुलाहून मोठी गोष्ट आम्हांस त्या राजवाड्याच्या दारात दिसते. पूल कोणाची जात वा धर्म विचारीत नाही; महाराजांनीही आश्रयास आलेल्यांस तो विचारला नाही. संशयाचे शल्य उरी असता ज्याने लोकोपयोगी काम सोडले नाही, त्याचे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी मनात बाळगावे, इतकीच आमची विनंती आहे.