वर्गातील मरगळ दूर करणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय

आधुनिक भारतीय रसायनशास्त्राचे जनक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव संशोधक, ग्रंथकार आणि उद्योजक म्हणून आदराने घेतले जाते. या थोर कार्याचा पाया मात्र महाविद्यालयाच्या वर्गात घातला गेला. शिक्षकाच्या उत्साहाने विद्यार्थ्याची मरगळ कशी दूर होते, हे त्यांनी प्रथम विद्यार्थी म्हणून अनुभवले आणि पुढे शिक्षक म्हणून शेकडो तरुणांना त्याचा प्रत्यय दिला.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील, आता बांगलादेशात असलेल्या राडुली या गावी झाला. कोलकात्यात शिकत असताना आमांशाच्या दीर्घ आजारामुळे त्यांना शाळा सोडावी लागली. शाळेच्या चाकोरीतून सुटलेल्या या मुलाने घरी राहून इतिहास, चरित्रे व साहित्य यांचे मनमुराद वाचन केले.

पुढे ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकताना ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना बसू लागले. तोवर त्यांचा ओढा वाङ्मयाकडे होता. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर यांच्या सफाईदार प्रयोगांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. वर्गात पाहिलेले प्रयोग ते एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी करून पाहू लागले. एकदा त्यातील एका उपकरणाचा स्फोट झाला आणि दोघे थोडक्यात बचावले. पण रसायनाची गोडी कमी झाली नाही.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये ते इंग्लंडमार्गे एडिनबरो विद्यापीठात गेले आणि १८८७ मध्ये त्यांनी डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी संपादन केली. मायदेशी मात्र उपेक्षा वाट्याला आली. उच्च शैक्षणिक सेवेची दारे भारतीयांना जवळपास बंदच होती. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दरमहा २५० रुपये वेतनावर साहाय्यक प्राध्यापकाची हंगामी जागा त्यांनी स्वीकारली.

पदवी व नोकरीसाठी टिपणे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केवळ व्याख्यान देऊन भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. प्रयोग फसला की वर्गाचे लक्षही उडते. म्हणून विलायतेतील पदवीचा अभिमान बाजूला ठेवून त्यांनी महाविद्यालयातील अनुभवी प्रयोगसाहाय्यकाकडून धडे घेतले आणि प्रत्येक प्रयोगाची वर्गापूर्वी तालीम केली. त्यांच्या उत्साहामागे ही मेहनत होती. हाडाची राख वर्गात आणून ती ते स्वतःच्या जिभेवर ठेवीत. जळल्यानंतर हाडाचे प्राणिज स्वरूप उरत नाही, केवळ खनिज द्रव्य राहते, हे सोवळ्या घरांतून आलेली मुले डोळे विस्फारून पाहत असत.

अनुभवी प्राध्यापक सहसा वरचे वर्ग मागून घेतात. राय यांनी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आवर्जून स्वतःकडे घेतले. संशोधनाचा मौल्यवान वेळ त्यासाठी खर्ची पडत असूनही त्यांनी हा क्रम सोडला नाही. त्याच काळात, १८९६ मध्ये, मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांच्या शोधनिबंधाने जगाचे लक्ष वेधले.

मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि नीलरतन धर हे त्यांचे विद्यार्थी. यांतील साहा आणि बोस यांनी पुढे भौतिकशास्त्रात जागतिक कीर्ती मिळवली. गुरूने केवळ आपला विषय नव्हे, तर जिज्ञासाच त्यांच्या हाती दिली होती, याची ही साक्ष होय.

अविवाहित राहिलेल्या राय यांचे घर विद्यार्थ्यांसाठी सदैव खुले असे. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे निकटचे स्नेही. त्यांनीच कोलकात्यात गांधीजींची राय यांच्याशी ओळख करून दिली, तेव्हा राय ८०० रुपयांच्या वेतनातील केवळ ४० रुपये स्वतःसाठी ठेवून उर्वरित रक्कम सार्वजनिक कार्यास देत असत.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाल्यावर ते कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रुजू झाले. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे वेतन त्यांनी विद्यापीठालाच अर्पण केले. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांचा मुक्काम त्या महाविद्यालयाच्या इमारतीतील एका साध्या खोलीत, प्रयोगशाळेच्या आणि विद्यार्थ्यांच्या सान्निध्यातच होता.