हॉपरबाईंची वही

कॉम्प्युटरच्या इतिहासात ग्रेस हॉपर हे नाव बहुतेक वेळा दोन ओळींत उरकलेलं असतं. एक म्हणजे कंपायलर बनवणाऱ्या पहिल्या काही लोकांतल्या त्या, आणि दुसरं म्हणजे मशीनमध्ये सापडलेला तो प्रसिद्ध किडा. ओरलला एवढं पुरतं. मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो ते कोबोल या भाषेमुळे, पण थांबलो ते एका वहीपाशी. प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज कशाची असते, याचं उत्तर मला त्या वहीत सापडलं. म्हणून हा लेख.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. वडील विमा व्यवसायात. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिने ते उघडलं. आतल्या वस्तू बाहेर आल्या त्या परत बसेनात, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली! आईने शेवटी तडजोड केली, एकच घड्याळ खेळायला ठेवायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सोळाव्या वर्षी वासर कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. एक वर्ष थांबून पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. (ज्यांचं वर्ष गेलंय त्यांनी नोंद घ्यावी.) १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० ला येल विद्यापीठाची एम. ए. आणि १९३४ ला तिथलीच गणितातली पीएच. डी. त्या काळी एका बाईने गणितात डॉक्टरेट मिळवणं ही किती मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज आपल्या वर्गातल्या मुलींना जास्त चांगला येईल.

१९३१ पासून त्या वासरमध्येच गणित शिकवू लागल्या. शिकवण्याची पद्धत जरा वेगळी होती. इतर विभागांच्या वर्गांत त्या स्वतः जाऊन बसायच्या, गणित कुठे कुठे वापरलं जातं ते बघायच्या आणि ती उदाहरणं आपल्या वर्गात आणायच्या. गणिताच्या मुलींना निबंध लिहायला लावायच्या. मुली कुरकुर करायच्या की आम्ही गणित घेतलंय, भाषा नाही. बाईंचं म्हणणं असं की, जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते शिकून उपयोग नाही. पुढची सगळी गोष्ट या एका हट्टातून निघाली आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. अमेरिका १९४१ च्या डिसेंबरमध्ये त्यात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते, त्यामुळे यांनाही नौदलातच जायचं होतं. पण वय जास्त, वजन नियमापेक्षा पंधरा पौंड कमी आणि त्यात गणिताच्या प्राध्यापक म्हणजे देशाला कॉलेजातच हव्या असलेल्या. तरी खटपट करून, खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिला नंबर काढला. वाटलं होतं जहाजाशी संबंधित काहीतरी मिळेल. मिळालं ते हार्वर्ड विद्यापीठातलं एक यंत्र.

२ जुलै १९४४ ला त्या हार्वर्डला हजर झाल्या. समोर मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, आत साडेसात लाखांहून जास्त सुटे भाग. सेकंदाला तीन बेरजा, एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद. सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. प्रमुख होते हॉवर्ड एकन, अतिशय कडक माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी यंत्र दाखवलं आणि एका श्रेणीचे सहगुणक काढून आणायला सांगितले, मुदत पुढच्या गुरुवारपर्यंत! सिलॅबस नाही, पुस्तक नाही, क्लास नाही. जगात प्रोग्रामर म्हणावेत असे लोक मोजकेच, त्यातले दोघे त्याच खोलीत बसलेले.

ते दोघे म्हणजे रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक. दोघंही वयाने त्यांच्यापेक्षा बरेच लहान. कोणी एक वयस्कर प्राध्यापक बाई येणार म्हटल्यावर तिच्या शेजारचं टेबल कोणाच्या वाट्याला जातं, यावरून दोघांत देवाणघेवाण झाली होती म्हणे. पुढे हॉपरबाई हा किस्सा स्वतःच हसत हसत सांगायच्या. पण शिकवलं त्या दोघांनीच. सदतीस वर्षांच्या, पीएच. डी. झालेल्या, बारा-तेरा वर्षं शिकवलेल्या बाई आपल्यापेक्षा लहान पोरांच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकल्या. मला यात त्यांची हुशारी कमी आणि मोठेपणा जास्त दिसतो. आपल्याकडे ज्युनियरला एखादी गोष्ट विचारायची म्हणजे केवढा कमीपणा वाटतो!

आता ती वही. मार्क वनवर काम करताना काही तुकडे पुन्हा पुन्हा लागायचे, म्हणजे साइन काढणं, वर्गमूळ काढणं वगैरे. एकाने एखादा तुकडा लिहून, चालवून, नीट तपासला की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की तो ती वही मागून घ्यायचा आणि कॉपी करायचा. जर्नल कॉपी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचं वाटेल. पण फरक आहे. जर्नल आपण सबमिशनसाठी उतरवतो, न वाचता. ते लोक चालणारा तुकडा घेऊन त्यावर आपलं पुढचं काम उभं करायचे, आणि आपलं नवीन काम परत वहीत टाकायचे. एकन यांनी हॉपरबाईंना या यंत्राचं मॅन्युअल लिहायला लावलं. त्या दिवसभरात जेवढं लिहीत, ते त्यांना वाचून दाखवावं लागे. १९४६ साली ते पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक छापून निघालं. आधी जे दोन-तीन डोक्यांत होतं, ते आता कोणाही नवख्याला वाचता येण्यासारखं झालं.

किड्याची गोष्टही इथलीच, पण ती थोडी दुरुस्त करायला हवी. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू या पुढच्या यंत्राच्या रिलेमध्ये एक किडा अडकलेला सापडला आणि तो लॉगबुकात चिकटवला गेला, हे खरं. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण बिघाडाला बग म्हणणं एडिसनच्या काळापासून चालू होतं. तो शब्द हॉपरबाईंचा नाही. त्यांनी फक्त ही गोष्ट रंगवून रंगवून जगभर पोचवली.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक बनत होता. हा काळ त्यांच्यासाठी सोपा नव्हता. युद्ध संपलेलं, घटस्फोट झालेला, हार्वर्डची नोकरी सुटलेली. दारू फार वाढली होती. जवळच्या मित्राने स्पष्ट शब्दांत जाणीव करून दिली. महापुरुषांच्या चरित्रात आपण हा भाग गाळतो. मला तो ठेवावासा वाटला, कारण त्यातून बाहेर आल्यावरच त्यांचं सगळ्यात मोठं काम झालं आहे.

वहीतून कॉपी करण्यात एक भानगड होती. प्रत्येक तुकड्याचे पत्ते शून्यापासून सुरू व्हायचे, त्यामुळे आपल्या प्रोग्राममध्ये घालताना प्रत्येक पत्त्यात ठराविक आकडा मिळवावा लागायचा. माणसं बेरजेत चुकायची. उतरवताना ४ चा ए व्हायचा, बी चा १३ व्हायचा. हॉपरबाईंनी विचार केला की उतरवणं आणि बेरीज करणं ही तर यंत्राची कामं! सगळे तपासलेले तुकडे टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, आणि प्रोग्रामरने फक्त नंबर सांगायचा. शोधणं, उतरवणं, जोडणं यंत्र करेल. हाच ए-झिरो, १९५२ सालचा. आजच्या भाषेत तो लिंकर-लोडरच्या जास्त जवळचा, पण त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं. म्हणजे बघा, कंपायलर हा मुळात सगळ्यांनी मिळून भरलेल्या वहीचा यांत्रिक अवतार आहे. सुरुवातीला कोणी विश्वास ठेवेना. कॉम्प्युटर गणित करतो, प्रोग्राम थोडाच लिहितो, असं लोकांचं मत होतं.

त्यावर त्यांनी वाद कमी घातला आणि वाटप जास्त केलं. पुढची आवृत्ती ए-टू, १९५३ ची. ती युनिव्हॅकच्या ग्राहकांना सोर्स कोडसकट दिली आणि सांगितलं की वापरा, सुधारा, सुधारलेलं परत पाठवा. फ्री सॉफ्टवेअर हा शब्द यायला अजून तीस वर्षं होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो १९८३ साली, लिनक्स आलं १९९१ मध्ये. म्हणून बरेच जण ए-टूला या परंपरेचं पहिलं पाऊल मानतात. अर्थात तेव्हा पैसा यंत्राच्या विक्रीत होता, सॉफ्टवेअर बरोबर मिळायचं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९५५ मध्ये आयबीएमचं ७०४ यंत्र घेणाऱ्यांनी शेअर नावाचा गट काढला तोही याच गरजेतून. प्रत्येकाने तेच तेच प्रोग्राम पुन्हा लिहिणं कोणालाच परवडत नव्हतं.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्यात जवळचा वाटतो. प्रोग्राम चिन्हांत न लिहिता साध्या शब्दांत लिहावा, असं हॉपरबाईंना वाटे, कारण हिशेबाचं काम करणाऱ्या लोकांना चिन्हं नको असतात. कंपनीला पटवायला त्यांच्या गटाने छोटा प्रोग्राम इंग्रजी शब्दांत चालवून दाखवला. मग तोच फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही. यंत्राला काय, कोणताही शब्द म्हणजे बिट्सचा एक नमुना! पण साहेब लोक हादरले. अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच-जर्मन कसं समजेल? शेवटी फक्त इंग्रजीच करू असं वचन द्यावं लागलं. त्यातून फ्लो-मॅटिक आली, आणि १९५९ साली वेगवेगळ्या कंपन्या व सरकारी खाती एकत्र बसून जी कोबोल ठरली, तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिकच होता. बँकांमध्ये कोबोल अजूनही चालते.

माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. पहिल्या सेमिस्टरला एरर मेसेज वाचताना आधी इंग्रजी समजायचं आणि मग चूक, अशी दुहेरी कसरत असायची. माझ्या विंगमध्ये असे अनेक आहेत. त्यांना वाटतं की आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही. खरं म्हणजे अडलेलं असतं भाषेपाशी, आणि लाजेपोटी विचारलं जात नाही. साहेब लोकांनी थांबवलेलं काम आज फ्री सॉफ्टवेअरवाले थोडंफार करतायत. फायरफॉक्स, लिबर ऑफिस यांचं मराठीकरण हौशी स्वयंसेवकांनी केलं आहे. त्यात भर घालायला मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही, चांगलं मराठी आणि चिकाटी लागते. नवख्याला आत शिरायला इतका सोपा दरवाजा दुसरा नाही.

नौदलाने हॉपरबाईंना १९६६ अखेर निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने (मधला थोडा काळ सोडून) १९८६ पर्यंत चालले! निवृत्त झाल्या तेव्हा त्या रिअर अ‍ॅडमिरल होत्या, वय ७९. भाषणाला जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. न दिसणारी गोष्ट हातात द्यायची, हीच शिकवण्याची पद्धत. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. आपल्या हातून झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं, यावर त्या कंपायलरनंतर लगेच, किंबहुना त्याच्याही आधी, शिकवून तयार केलेल्या तरुण मुलामुलींचं नाव घ्यायच्या.

एक सुचवतो. प्रत्येक विंगमध्ये कॉमन रूमला एक जाड वही ठेवूया. ज्याला जो एरर आला आणि तो ज्या कारणाने गेला, ते मराठीत दोन ओळींत लिहायचं, खाली तारीख. जो वाचून सुटेल त्याने स्वतःची एक नोंद टाकायची. कोणालाही काही विचारल्याबद्दल हसायचं नाही. आमच्या विंगची वही मी आणून ठेवली आहे, पहिली नोंद विसरलेल्या सेमीकोलनची आहे.