कवळाण्याचा गोपाळ आणि गावोगावच्या शाळा

पोराने कोणत्या भाषेच्या शाळेत शिकावे, हा प्रश्न आम्हा सीमाभागातील शिक्षकांना नवा नाही. तो निघाला की आम्हाला बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आठवतात. राजा मराठी आणि बहुसंख्य प्रजा गुजराती. अशा संस्थानात त्यांनी शाळा कशा चालवल्या, हे आपल्या गावकऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव, घर शेतकऱ्याचे. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले. मग राजवाड्यात धुळाक्षरे सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा ते शिकले. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

उशिरा शिकलेल्याला अक्षराचे मोल अधिक कळते. १८९३ मध्ये त्यांनी काठेवाडातील अमरेली शहर व नऊ खेड्यांत मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तो अनुभव पाहून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानासाठी कायदा केला. मुलींनाही त्यातून वगळले नाही. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश मुलखासाठी असेच विधेयक मांडले. सरकारने ते मंजूर होऊ दिले नाही.

अस्पृश्यांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तेथे जाईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले, पण शाळा बंद ठेवल्या नाहीत. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेस शिकायला गेले, तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ सुरू झाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांपर्यंत जाऊ लागल्या.

आम्हाला यातली एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. राजाची भाषा मराठी म्हणून गुजराती पोरांवर मराठी लादली गेली नाही. खेड्यापाड्यांत शाळा गुजराती राहिल्या; बडोद्यातील मराठी मुलांसाठी मराठी शाळा होत्या. सयाजी साहित्यमालेची पुस्तके दोन्ही भाषांत निघाली. घरची भाषाच शाळेत असेल तर पोर लवकर शिकते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पुढे संस्थान भारतात विलीन झाले. राज्य कोणाचे, हे काळाप्रमाणे बदलत जाते. पोराची आईची भाषा बदलत नाही. ती शाळेत टिकवणे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहेच, पण पटावर आपल्या पोराचे नाव घालणे आपल्याच हाती आहे. येत्या जूनमध्ये प्रत्येक घराने एवढे केले, तरी गावच्या मराठी शाळेची घंटा वाजत राहील.