केंब्रिजच्या बाई

जागतिकीकरणाच्या प्रश्नावर डावे अर्थतज्ज्ञ एका सुरात बोलतात, असा दिल्लीच्या राजकीय वर्तुळात रूढ समज आहे. संसदेत आयात शुल्काचा किंवा परकीय गुंतवणुकीचा विषय निघाला की कोण कोणत्या बाजूने उभा राहणार, हे आधीच ठरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात खुला व्यापार आणि आर्थिक स्वातंत्र्य यांवरचे तिखट मतभेद डाव्यांच्या घरातच झालेले आहेत, आणि त्यांतील काहींचे मूळ केंब्रिज विद्यापीठातील एका अध्यापिकेच्या वर्गात सापडते. १९९१ साली भारताची अर्थव्यवस्था खुली करणारे मनमोहन सिंग हे जोन रॉबिन्सन यांचे विद्यार्थी. अमर्त्य सेन यांच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक त्याच. आणि उदारीकरणाची कठोर चिकित्सा करणारे अमित भादुरी हे त्यांच्या उतारवयातील सहलेखक. एकाच गुरूच्या शिष्यांनी इतक्या वेगळ्या वाटा धराव्यात, याचे कारण त्या गुरूच्या विचारातच शोधावे लागते.

जोन मॉरिस यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. घराणे लष्करी पेशाचे, पण बंडखोरीची परंपरा असलेले. पणजोबा फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे ख्रिस्ती समाजवादाचे प्रवर्तक. कामगारांसाठी त्यांनी १८५४ मध्ये लंडनला महाविद्यालय काढले होते. वडील मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांचे नाव तर ब्रिटिश संसदेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी पश्चिम आघाडीवरील सैन्यबळाविषयी लॉइड जॉर्ज सरकारने हाउस ऑफ कॉमन्सला चुकीची माहिती दिली, असा जाहीर आरोप त्यांनी मे १९१८ मध्ये वृत्तपत्रांना पत्र लिहून केला. सेवेतील सेनाधिकाऱ्याने असे करणे म्हणजे कारकिर्दीवर पाणी सोडणे होते, आणि तसेच झाले. ९ मे रोजीच्या चर्चेत सरकारने २९३ विरुद्ध १०६ मतांनी बाजी मारली. उदारमतवादी पक्षातील दुफळी मात्र त्या दिवशी उघडी पडली आणि तो पक्ष पुन्हा पूर्वीसारखा कधी सावरला नाही. जोन तेव्हा १४ वर्षांच्या होत्या. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावर विश्वास न ठेवण्याची सवय त्यांना घरातूनच लागली असावी. पुढे एका ठिकाणी ही सवय नेमकी सुटली, आणि त्यांच्या चरित्रातला तोच भाग सर्वात अवघड आहे.

गर्टन महाविद्यालयातून त्यांनी १९२५ मध्ये अर्थशास्त्राची परीक्षा दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण केली. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पण पूर्ण पदवी देत नसे. ती मिळण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले. १९२६ मध्ये त्यांचा विवाह तरुण अर्थतज्ज्ञ ऑस्टिन रॉबिन्सन यांच्याशी झाला आणि हे दाम्पत्य थेट ग्वाल्हेरला आले. माधवराव शिंदे यांच्या निधनानंतर गादीवर आलेले जिवाजीराव तेव्हा अल्पवयीन होते, आणि ऑस्टिन यांची नेमणूक त्यांचे शिक्षक म्हणून झाली होती. सुमारे दोन वर्षे रॉबिन्सनबाई त्या मराठी दरबाराच्या छायेत राहिल्या. संस्थाने आणि ब्रिटिश सत्ता यांच्यातील आर्थिक संबंधांच्या अभ्यासातही त्यांचा सहभाग होता. साम्राज्याचा हिशेब वसाहतीच्या बाजूने कसा दिसतो, हे लंडनमधील बहुतेक अर्थतज्ज्ञांना पुस्तकांतूनच ठाऊक होते. या बाईंनी तो विशीतच जवळून पाहिला.

केंब्रिजला परतल्यावरची पुढील दहा वर्षे त्यांच्या कीर्तीची. १९३३ मधील ‘अपूर्ण स्पर्धेचे अर्थशास्त्र’ या ग्रंथाने पाठ्यपुस्तकांतील आदर्श बाजारपेठेला धक्का दिला. असंख्य विक्रेते आणि असंख्य ग्राहक यांच्यातील निर्मळ स्पर्धा ही अपवादात्मक स्थिती आहे. प्रत्यक्ष बाजारात बहुतेकांच्या हाती कमी-अधिक मक्तेदारी असते, आणि मोठा मालक हा मजुरांचा एकमेव ग्राहक असेल तर तो मजुरीही दाबू शकतो, हे त्यांनी रेखीव आकृत्यांनी दाखविले. पुढे याच पुस्तकावर त्या स्वतः नाराज झाल्या. त्या काळात केन्स आपला सिद्धान्त घडवीत होते आणि त्यांच्या मसुद्यांवर तुटून पडणाऱ्या तरुणांच्या मंडळात रॉबिन्सनबाई अग्रभागी होत्या.

आर्थिक स्वातंत्र्याच्या प्रवक्त्यांशी त्यांची पहिली गाठ याच सुमारास पडली. १९३१ मध्ये लंडनला जाण्यापूर्वी फ्रिडरिख हायेक केंब्रिजमध्ये व्याख्यान देण्यास आले. मंदीचे मूळ अतिरिक्त खर्चात आहे, असे ते फळा त्रिकोणांनी भरून सांगत होते. आपण उद्या नवा कोट विकत घेतला तर बेकारी वाढेल काय, असे रिचर्ड कान यांनी त्यांना सरळ विचारले. हायेक यांनी होकार दिला आणि कारण समजावण्यासाठी ते पुन्हा फळ्याकडे वळले. ही आठवण रॉबिन्सनबाईंनी ४० वर्षांनी अमेरिकन अर्थतज्ज्ञांच्या परिषदेत सांगितली, तेव्हाही त्यांना तीत विनोदापेक्षा चीडच अधिक वाटत असावी. लाखो माणसे कामावाचून बसली असताना बाजाराला मोकळे सोडा एवढाच सल्ला देणारे शास्त्र त्यांना दिवाळखोर वाटत होते.

त्यांच्या विचाराचा गाभा १९३७ मधील एका निबंधात आला आहे. शेजाऱ्याला भिकेला लावून स्वतःची बेकारी दूर करण्याच्या उपायांवरचा हा निबंध. चलनाची किंमत उतरविणे, मजुरी कमी करणे, निर्यातीला अनुदान देणे आणि आयात अडविणे असे चार मार्ग त्यांनी मांडले. चारही मार्गांनी एका देशाला मिळणारा रोजगार दुसऱ्या देशातून हिरावलेला असतो. मग दुसराही तेच करतो आणि अखेर सर्वांचाच व्यापार आटतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या यादीत जकातीच्या भिंतीबरोबरच स्वस्त मजुरी आणि स्वस्त चलनही आहे. म्हणजे संरक्षणवादी देशाइतकाच निर्यातीवर डोळा ठेवणारा देशही त्यांच्या लेखी आरोपी होता. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढविले, तेव्हा या निबंधाची आठवण अनेक अर्थतज्ज्ञांना होणे स्वाभाविक होते.

हाच धागा त्यांनी पुढे नेला. १९६५ मध्ये प्राध्यापकपद मिळाल्यावर दिलेल्या पहिल्या व्याख्यानाचा विषय होता नवा व्यापारवाद. निर्यात अधिक आणि आयात कमी ठेवण्याची जुनी हाव आधुनिक राष्ट्रांनी सोडलेली नाही आणि खुल्या व्यापाराचा आग्रह हे तिचेच सभ्य रूप आहे, अशी त्यांची मांडणी होती. हा आग्रह धरतो तो ज्याला त्यातून लाभ होणार आहे तोच. रिकार्डोचे इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू हे उदाहरण त्यांनी इतिहासाच्या कसोटीवर घासले. १७०३ च्या मेथुएन तहानंतर पोर्तुगालच्या वाट्याला मंद गतीने वाढणारी द्राक्षशेती आली आणि तिथला उमलता कापडधंदा कोमेजला. इंग्लंडला मात्र कापडाच्या निर्यातीतून भांडवल, यंत्रे आणि पुढची औद्योगिक क्रांती मिळाली. त्या दिवशीच्या देवघेवीत दोघांचा फायदा असेलही. शंभर वर्षांनी कोण कुठे पोहोचले, हा प्रश्न त्या गणितात नव्हता. नवस्वतंत्र देशांच्या नियोजनकारांना हा युक्तिवाद पाठ झाला यात नवल नाही.

पण रॉबिन्सनबाई सोयीच्या डाव्या नव्हत्या. ‘आर्थिक तत्त्वज्ञान’ या १९६२ मधील पुस्तकात त्यांनी बाजारवादाची वेगळीच झडती घेतली. प्रत्येकाने स्वार्थ पाहिला की सर्वांचे भले आपोआप होते असे मानले, तर नीतीचा प्रश्नच उरत नाही; असा सिद्धान्त सधनांना किती सोयीचा, हे त्यांनी दाखविले. आणि त्याच पुस्तकात त्यांनी मार्क्सवाद्यांनाही खडसावले. भांडवलदाराकडून पिळले जाणे हे दुःख खरे, पण ज्याला पिळण्यासाठीही कोणी कामावर घेत नाही त्याचे दुःख त्याहून मोठे, अशी ती मांडणी आहे. आग्नेय आशियातील अर्धबेकार माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. परकीय कारखाने, कमी मजुरी आणि निर्यात यांचे समर्थन करणाऱ्यांनी या विधानाचा नंतर मनसोक्त वापर केला. बाईंना तो रुचला असता असे नाही; परंतु विधान त्यांचेच होते. १९५२ मध्ये त्या मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय आर्थिक परिषदेला गेल्या, ती परिषदही पूर्व आणि पश्चिम यांच्यात व्यापार वाढावा यासाठी भरली होती. व्यापाराला त्यांचा विरोध नव्हता, व्यापाराच्या अटी कोण ठरवितो याकडे त्यांचे लक्ष असे.

भांडवलाच्या मोजमापावरून त्यांनी १९५३ नंतर अमेरिकन केंब्रिजशी, म्हणजे सॅम्युएल्सन आणि सोलो यांच्याशी जे युद्ध मांडले, ते येथे थोडक्यात सांगून सोडणे बरे. नफ्याचा दर माहीत नसताना भांडवल मोजता येत नाही, मग त्या भांडवलाच्या उत्पादकतेवरून नफा कसा ठरणार, हा त्यांचा सवाल होता. एका कळीच्या मुद्द्यावर सॅम्युएल्सन यांनी १९६६ मध्ये माघार घेतली. पाठ्यपुस्तके मात्र बदलली नाहीत.

साम्यवादी सत्तांविषयी त्यांनी जे लिहिले ते टाळून हे चरित्र लिहिता येत नाही. १९५३ पासून त्या चीनला वारंवार जात राहिल्या. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसे मेली. त्यांच्या लेखनात त्याची दखल नव्हती. १९६९ मध्ये त्यांनी सांस्कृतिक क्रांतीचे समर्थन करणारे पुस्तक काढले. १९६४ मध्ये उत्तर कोरिया पाहून आल्यावर त्यांनी त्या देशाच्या प्रगतीला चमत्कार ठरविले आणि दक्षिण कोरिया कधीतरी समाजवादी उत्तरेत विलीन होईल, असे भाकीत केले. घडले नेमके उलटे. दक्षिण कोरिया निर्यातीच्या बळावर पुढे गेला. पण तिथेही बँका सरकारच्या मुठीत होत्या, आयातीवर निर्बंध होते आणि कर्ज कोणत्या उद्योगाला द्यायचे हे सरकार ठरवीत होते. हा खुल्या व्यापाराचा विजय नव्हता आणि रॉबिन्सनबाईंच्या भाकिताचाही नाही. बाजाराला त्या जो प्रश्न विचारीत, की हे स्वातंत्र्य कोणाचे आणि त्याची किंमत कोण मोजतो, तो पेइचिंग किंवा प्याँगयांगच्या राज्यकर्त्यांना त्यांनी विचारला नाही. सरकारी आकड्यांवर अविश्वास दाखवून कारकीर्द गमावणाऱ्या सेनापतीच्या मुलीने सरकारी यजमानांच्या सांगण्यावर इतका विसंबून राहावे, याचा उलगडा त्यांच्या चाहत्यांनाही झालेला नाही.

तो राहिलेला प्रश्न त्यांच्या शिष्यांनी विचारला. अमर्त्य सेन १९५३ मध्ये ट्रिनिटी महाविद्यालयात आले. तंत्रनिवडीवरील त्यांचा प्रबंध बाईंच्या मार्गदर्शनाखाली झाला, पण कल्याणाच्या आणि नीतीच्या प्रश्नांत हा बुद्धिमान विद्यार्थी वेळ दवडतो, असे बाईंना वाटे. श्रीलंकेने जनतेला स्वस्त धान्य देणे म्हणजे झाड वाढण्यापूर्वीच फळ चाखणे, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच श्रीलंकेतील वाढलेल्या आयुर्मानाचा दाखला सेन यांनी पुढे आपल्या बाजूने दिला. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली: स्वतंत्र भारतात चीनसारखा प्रचंड दुष्काळबळी गेला नाही, कारण येथे वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष होते. गुरूच्या आवडत्या देशाविषयीच्या मौनाला शिष्याचे हे उत्तर होते, आणि तेही डाव्या भूमिकेतूनच आले.

मनमोहन सिंग यांची वाट आणखी वेगळी. १९५५ ते १९५७ या काळात ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात होते. बाईंच्या शिकवणुकीचे ऋण त्यांनी पुढे अनेकदा मान्य केले. परंतु ऑक्सफर्डमधील त्यांच्या प्रबंधाने, जो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आला, भारतीय निर्यातीविषयीची निराशा अनाठायी असल्याचे दाखविले. निर्यात रोडावण्यास जगापेक्षा आपली धोरणेही जबाबदार आहेत, असा त्याचा रोख होता. २४ जुलै १९९१ रोजी लोकसभेत त्यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्याची बीजे तिथे दिसतात. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले होते, आणि बाईंच्या चार मार्गांपैकी पहिला तोच होता. मात्र परकीय चलनाची गंगाजळी आटलेल्या देशाला शेजाऱ्याचा विचार करण्याइतकी उसंत नव्हती. केंब्रिजमध्ये त्याच वर्षांत शिकलेले मुंबईचे जगदीश भगवती खुल्या व्यापाराचे खंदे पुरस्कर्ते ठरले. उलट अमित भादुरी यांनी दीपक नय्यर यांच्यासह १९९६ मध्ये उदारीकरणावर जे पुस्तक लिहिले, त्यात बाजार कोणाला निवडीचे स्वातंत्र्य देतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, या बाईंच्याच प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

१९७१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या भारतात अधिक येऊ लागल्या. के. एन. राज यांनी त्रिवेंद्रमला उभ्या केलेल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये त्यांचा मुक्काम असे. शाकाहारी, साध्या राहणीच्या, वादात मात्र समोरच्याची गय न करणाऱ्या बाई तरुण संशोधकांना अस्वस्थ करून सोडीत. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षीचे नोबेल त्यांनाच मिळेल असा बोलबाला होता. ते कान्तोरोविच आणि कूपमन्स यांना गेले. अर्थशास्त्राचे नोबेल स्त्रीला मिळण्यास २००९ साल लागले, आणि तो मान एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा ठरला.

डिसेंबर १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांच्या चीनने परकीय भांडवलाला दार उघडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बाई ७५ वर्षांच्या होत्या. त्यानंतरच्या त्यांच्या लेखनात थकवा आणि अर्थशास्त्राविषयीची निराशा जाणवते. अखेरच्या वर्षांतील एका टिपणाला त्यांनी घराच्या वार्षिक साफसफाईचे नाव दिले: जुने सिद्धान्त, त्यांत स्वतःचेही, घराबाहेर काढावेत आणि पुन्हा आरंभ करावा, असा त्याचा आशय आहे. ५ ऑगस्ट १९८३ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १९८५ मध्ये, दुसऱ्याच शीर्षकाखाली प्रसिद्ध झाले.